आडरानी वाहने आणि क्रमांकाची पाटी

ज्याच्या त्याच्या वस्तूवर ज्याची त्याची खूण असावी, ही रीत आपल्या खेड्यांस नवी नाही. मेंढपाळ मेंढीच्या कानास खूण करतो, शेताच्या हद्दीवर दगड असतो, आणि प्रत्येक जमिनीस गट क्रमांक असतो. हल्ली तर गाईम्हशींच्या कानांत १२ आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आला आहे. बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री १ जून २०२४ पासून होऊ नये, असा नियमही महाराष्ट्र सरकारने केला. असे असता ज्या वाहनांस ना क्रमांक, ना पाटी, ना मालकाचे नाव, अशी वाहने आपल्या माळांवर व बांधांवर मोकळी फिरावीत, हे कितपत योग्य, याचा विचार वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख लिहिला आहे.

ही वाहने म्हणजे चार जाड चाकांची, उघडी, मोटारसायकलीसारखे दांडे धरून चालवावयाची गाडी. तिला ए. टी. व्ही. असे म्हणतात. तिच्या जोडीस रान तुडविण्यासाठी बनविलेल्या मोटारसायकली व उंच चाके बसविलेल्या जिपा येतात. मौजेकरिता रस्ता सोडून चिखलात, ओढ्यात, डोंगरउतारावर त्या चालवावयाच्या. मौजेस आमचा विरोध नाही. शहरातील मनुष्याने दोन दिवस रानात यावे, यात वाईट ते काय? प्रश्न एवढाच की, मौज करताना दुसऱ्याचे नुकसान झाले, तर ते कोणी केले हे कळावयाचे कसे?

गेल्या आषाढातील गोष्ट. आमचे गाव मावळ तालुक्यात आहे. इंद्रायणी भाताची लावणी होऊन आठ दिवसही झाले नव्हते. एका रविवारी दुपारी अशी चार वाहने माळावरून उतरली व ओढ्याकडे जाण्यासाठी आमच्या शेजाऱ्याच्या दोन खाचरांतून गेली. बांध तीन ठिकाणी फुटला, पाणी वाहून गेले, आणि नुकती धरू लागलेली रोपे चिखलात दडपली गेली. सायंकाळी शेजारी मजकडे अर्ज लिहवून घेण्यास आला. मी ३१ वर्षे महसूल खात्यात कारकुनी केली असल्याने गावातील अर्ज बहुधा मीच लिहितो. मजकूर झाला, गट क्रमांक झाला, नुकसानीचा अंदाज झाला. मग त्याने विचारले, “अण्णा, अर्जात नाव कुणाचं घालायचं?” मजजवळ उत्तर नव्हते. वाहने लाल रंगाची होती व स्वारांच्या डोक्यांस शिरस्त्राणे होती, यापलीकडे कोणासही काही सांगता येईना. शेवटी ‘अज्ञात वाहनचालक’ असे लिहिले. असे शब्द असलेल्या पंचनाम्यांचे पुढे काय होते, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे. ते दप्तरी दाखल होतात, एवढेच.

आता याच्या उलट पाहा. चुकार जनावर पिकात शिरले, तर त्यास धरून २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठविण्याचा हक्क १८७१ सालच्या कायद्याने शेतकऱ्यास दिला. पुढे कोंडवाडे ग्रामपंचायतींच्या हाती आले, परंतु तत्त्व तेच राहिले. मालक आला की दंड भरून जनावर सोडवून नेई. म्हणजे दीडशे वर्षांमागे सरकारला हे उमगले होते की, ज्याचे जनावर त्याची जबाबदारी. परंतु बैल धरता येतो, धावते यंत्र धरता येत नाही. सबब त्याचा क्रमांक तरी वाचता आला पाहिजे. क्रमांकाची पाटी ही केवळ सरकारच्या करासाठी असते असा समज आहे, तो अपुरा आहे. ज्याचे नुकसान झाले त्याच्या हातात असलेला तो एकमेव पुरावा होय.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, ही वाहने रस्त्यासाठी नाहीतच, मग त्यांस नोंदणी कशास? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात रस्त्यावर वापरण्याजोगे वाहन म्हणजे मोटार वाहन, अशी व्याख्या आहे, आणि केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात चालणारे खास वाहन तीतून वगळले आहे. विक्रेते या व्याख्येचा आधार घेतात. परंतु त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमात, नोंदणी व क्रमांक यांवाचून वाहन सार्वजनिक जागी ‘अथवा अन्य कोणत्याही जागी’ चालवू नये, असे शब्द आहेत. आणि गावचा माळ, गायरान, ओढ्याचे पात्र किंवा परक्याचे खाचर यांस बंदिस्त आवार कोणत्या न्यायाने म्हणावे? शिवाय ज्यास मार्ग काढावयाचा आहे, त्यास तो निघतो. एका अमेरिकी कंपनीने अशाच वाहनाचा एक प्रकार येथे शेतीचा ट्रॅक्टर म्हणून मंजूर करवून घेऊन विक्रीस आणला होता. तेव्हा नोंदणी अशक्य आहे, हे म्हणणे टिकत नाही.

ज्या देशांत ही मौज आपल्या फार आधी रुजली, तेथील अनुभव उपयोगी आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७१ साली खास कायदा करून आडरानी वाहनांस ओळखचिन्ह लावणे सक्तीचे केले. तेथील हिरवी चिकटपट्टी प्रसिद्ध आहे. तिच्या शुल्काचा पैसा अशा वाहनांच्या वाटा राखण्यास व त्यांवर देखरेख ठेवण्यास लावण्याची योजना आहे. परंतु चिकटपट्टी लहान. ती जवळ गेल्यावाचून वाचता येत नाही. विस्कॉन्सिन राज्यात म्हणून सार्वजनिक वाटांवर चालणाऱ्या अशा वाहनाच्या मागे किमान ४ इंच उंच व साडेसात इंच रुंद पाटी लावावी लागते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातही पाटी सक्तीची आहे, मात्र मालक स्वतःच्या ताब्यातील जमिनीवर वाहन चालवीत असेल, तर त्यास सूट आहे. ही सूट आम्हांस न्यायाची वाटते. आपल्या कुंपणात कोणी काय चालवावे, हा त्याचा प्रश्न. कुंपण ओलांडले की तो सर्वांचा प्रश्न होतो.

दुसरा आक्षेप घरातलाच आहे. माझा पुतण्या अशी दोन वाहने पर्यटकांस भाड्याने देतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्याच्या घरी जो पैसा येतो, तो भातात येत नाही, हे मी नाकारीत नाही. तो म्हणतो, “काका, नंबर लावला की पहिला दंड मलाच. गिऱ्हाईक मोडणार बांध, आणि भरायचं मी!” त्याचे भय खोटे नाही. परंतु आज होते काय? कोणी तरी बांध मोडतो आणि गाव सर्वच भाडेवाल्यांस शिव्या देते. क्रमांक असेल तर दोष एकाचा एकावरच राहील, आणि वाहन कोणत्या वेळी कोणाच्या ताब्यात होते, हे त्याच्या वहीवरून सिद्ध करता येईल. प्रामाणिक धंदेवाल्यास पाटी ही ढाल आहे. त्याला हे अद्याप पटले नाही. म्हणून येथे लिहितो.

आता कटू परंतु आवश्यक असे थोडे आपल्याविषयी. दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपले ट्रॅक्टर व ट्रॉल्या यांकडे पाहावे. ट्रॉलीस वेगळी नोंदणी व वेगळा क्रमांक लागतो, हे कित्येकांस ठाऊक असूनही ट्रॉलीच्या मागे देवाचे नाव, मुलांची नावे व शेरशायरी असते, क्रमांक तेवढा नसतो. ट्रॅक्टरच्या पाटीवर चिखलाचा थर असतो, किंवा आकडे वळवून ‘दादा’ लिहिलेले असते. उसाच्या हंगामात अंधाऱ्या रस्त्यावर अशी ट्रॉली, मागे दिवा नाही, लाल परावर्तक नाही, उभी असते आणि मागून येणारा मोटारसायकलस्वार तीवर आदळतो. ट्रॉली निघून गेली की त्याचे घरचेही ‘अज्ञात वाहन’ असेच लिहितात. आमच्या शेजाऱ्याचे भात गेले. येथे माणूस जातो. तेव्हा ही मागणी करण्याचा अधिकार आपण आधी मिळविला पाहिजे.

यास्तव पुढील सूचना सुचवाव्याशा वाटतात. सभासदांनी येत्या हंगामापूर्वी आपल्या ट्रॅक्टर व ट्रॉलीस स्वच्छ, वाचता येईल असा क्रमांक व मागे परावर्तक लावावा. संस्थेने आपल्या आवारात त्यावाचून माल भरू देऊ नये. ज्या गावांत अशी मौजेची वाहने येतात, तेथील ग्रामसभेने ठराव करून भाड्याच्या प्रत्येक वाहनावर पुढे व मागे हातभर अंतरावरून नव्हे, तर बांधावरून वाचता येईल असा अनुक्रमांक रंगविण्यास मालकांस सांगावे, व त्याची नोंद ग्रामपंचायतीत ठेवावी. त्यांस ठरलेली वाट दगड लावून आखून द्यावी. आणि संस्थेने परिवहन खात्याकडे अर्ज करावा की, स्वतःच्या कुंपणाबाहेर चालणाऱ्या अशा प्रत्येक वाहनास नोंदणी व पाटी स्पष्ट शब्दांत आवश्यक करावी.

शेजाऱ्याने फुटलेला बांध स्वतः घातला व उरलेल्या रोपांनी जमेल तितके खाचर पुन्हा लावले. त्याचा अर्ज अद्याप दप्तरी आहे. पुढील आषाढात असा अर्ज लिहिण्याचा प्रसंग कोणावर येऊ नये. आलाच, तर नावाची जागा मोकळी राहू नये, एवढीच अपेक्षा आहे.