डोंगरावरचं लग्न आणि तीन सह्या



गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय चालू आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला लग्न डोंगरावर करायचंय. हॉल नाही, बँड नाही, पाचशे पानं नाहीत. हिमाचलमधल्या जालोरी खिंडीजवळ, आठ माणसांत, पायात ट्रेकिंगचे बूट घालून. याला म्हणे 'ॲडव्हेंचर एलोपमेंट' म्हणतात. माझ्या जाऊबाईंनी मोबाईलवर त्या शब्दाचा अर्थ शोधला आणि घाबरून मला फोन केला, "अहो ताई, पळून जाऊन लग्न म्हणजे हो ते!"

शब्दाचा जुना अर्थ तोच आहे. पण आजकालची मुलं घरी सांगून, महिनोन् महिने आधी बुकिंग करून 'पळून' जातात. मुलगा वसईचा, ख्रिस्ती आहे. दोघंही पुण्यात नोकरीला, सह्याद्रीतल्या ट्रेकमध्येच ओळख झालेली. आमच्याकडे आधीच कुजबूज चालू होती, आता डोंगर ऐकल्यावर तर विचारूच नका.

पण खरा अडसर समाजाचा नाही, माझ्या बहिणीचा आहे. ती मुलीला एवढंच म्हणाली, "मला माणसं मिळाली नाहीत म्हणून मी माणसांशिवाय लग्न केलं. तुला आहेत, तर तू टाकून चाललीस."

हे कळायला तुम्हाला १९९४ सालची गोष्ट सांगावी लागेल. माझ्या बहिणीनं आळंदीला जाऊन लग्न केलं. आपल्याकडे 'आळंदीला गेली' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. साक्षीदार कार्यालयवाल्यानंच गोळा केले होते. एक त्याचा फोटोग्राफर, एक बाहेर हार विकणारा. आदल्या दिवशी तिनं एसटीडी बूथवरून मला फोन केला होता. मी सांगलीत, सासरी, दोन वर्षांची सून. "तू तरी ये अक्का," म्हणाली. मी बघते म्हणाले आणि गेले नाही. सासूबाईंना काय सांगू, हा प्रश्न मला बहिणीपेक्षा मोठा वाटला. तिच्या लग्नाच्या कागदावर त्या हारवाल्याची सही आहे आणि माझी नाही, हे मी एकतीस-बत्तीस वर्षं मनात घेऊन फिरते आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. डोंगरावर लग्न करायला माझी काडीची हरकत नाही. कर्ज काढून जेवणावळी घालण्यापेक्षा ते शंभर पटीनं बरं. पण भाचीनं मला बुकिंगची यादी दाखवली तेव्हा पहिल्या ओळीत होता फोटोग्राफर, दुसऱ्या ओळीत फुलांची कमान, तिसऱ्या ओळीत ड्रोन. साक्षीदार शेवटून दुसऱ्या ओळीत, पुढं कंसात 'कुणीही चालेल'. मी तिथंच पेन मागितलं.

दोन धर्मांतलं लग्न म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कार्यालयात लावली जाते, हरकतीसाठी ३० दिवस थांबावं लागतं. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. म्हणजे कायद्याचं लग्न खिंडीत होणार नाही, ते पुण्यातच होणार. वर जे होईल तो त्यांचा सोहळा. हे त्या दोघांना माहीतच नव्हतं, विमानाची तिकिटं मात्र काढून झाली होती!

आणखी एक गोष्ट. जैन मुलानं किंवा मुलीनं या कायद्याखाली ख्रिस्ती वा मुसलमान जोडीदाराशी लग्न केलं, तर एकत्र कुटुंबातून ती व्यक्ती वेगळी झाली असं कायदा धरतो, आणि पुढं तिच्या मालमत्तेची वारसदारी भारतीय उत्तराधिकार कायद्यानं चालते. घाबरण्यासारखं यात काही नाही. पण ज्यांची शेती किंवा पेढी एकत्र आहे त्यांनी नोटीस देण्याआधी वकिलाकडे तासभर बसावं. नंतर भावाभावांत तोंडं फिरण्यापेक्षा ते परवडतं.

तारखेवरून माझं आणि भाचीचं चांगलंच जुंपलं. तिला जुलै हवा होता, धुक्यात फोटो छान येतात म्हणून. मी म्हटलं, चातुर्मासात नाही. ती म्हणाली, मावशी, मी कुठं मुहूर्त बघतेय. मग मी दुसरीकडून सांगितलं. पावसाळ्यात त्या घाटांत दरडी कोसळतात, रस्ते बंद पडतात. आपले मुनी चार महिने एका जागी थांबतात ते जीवहिंसा टळावी म्हणून. तुझी आई तरी घाटात अडकू नये म्हणून थांब. थंडीत तर बर्फानं खिंडच बंद असते. शेवटी मे ठरला. तेव्हा तिकडं सूर्य सातच्या आसपास मावळतो, त्यामुळं माझं आणि बहिणीचं जेवणही वेळेत होईल.

जेवणाचं ऐका. पॅकेजवाल्यानं 'जैन फूड अव्हेलेबल' असं लिहिलं होतं. मी स्वतः फोन करून विचारलं, तर त्याच्या लेखी जैन म्हणजे कांदा-लसूण नाही, बटाटा चालतो. बुकिंग करताना एकेक पदार्थ लिहून पाठवा, नाहीतर तीन दिवस आलूपराठा समोर येईल. तिकडचं सिड्डू प्रसिद्ध आहे, पण त्याचं पीठ यीस्ट घालून फुगवतात, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं. दुसरं असं की खिंड सुमारे ३,१०० मीटर उंचीवर आहे. तिथं पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, साध्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. वर काही रांधायचं असेल तर कुकर न्यायलाच हवा. रात्रीची शेकोटी आणि दिव्यांच्या माळा मी यादीतून काढून टाकल्या. किडे येऊन पडतात त्यात, कशाला ते पाप. ड्रोनही गेला. कमानीवरून मात्र मी हरले.

चंदीगडहून मनालीच्या रस्त्यानं निघालं की औटच्या बोगद्याआधी बंजारकडे फाटा फुटतो. पुढं जिभी, मग शोजा, मग खिंड. शेवटचा चढ भलताच उभा आहे म्हणून गाडी तिकडच्याच माणसाची घ्यायची. एक रात्र जिभीत, एक शोजात, असं टप्प्याटप्प्यानं वर जायचं म्हणजे उंचीचा त्रास कमी होतो. आम्हा दोघींना रक्तदाब आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारून. खिंडीपासून सरेउलसर तलाव पाचेक किलोमीटर चालत. भाचीला सोहळा तलावाकाठीच हवा होता, पण तिथं बूढी नागिणीचं मंदिर आहे, गावकरी श्रद्धेनं तूप वाहतात. दुसऱ्यांच्या देवीच्या दारात आपलं शूटिंग नको. अलीकडच्या कुरणावर करायचं, तेही गावात विचारून, सकाळी लवकर, कारण दुपारनंतर डोंगरात हवेचा भरवसा नसतो. आणि पुढचा एक दिवस पूर्ण मोकळा ठेवायचा. तो दिवस सगळे प्लॅनर पैसे वाचवायला म्हणून कापतात. तुम्ही कापू देऊ नका.

सगळ्यांना जेवण हवंच, असं बहिणीच्या नवऱ्याचं म्हणणं होतं. ते सांगलीत होईल, घरच्यांपुरतं, पुण्यातल्या सह्यांनंतरच्या रविवारी. ज्यांना यायचंय त्यांनी यावं. ज्यांना कुजबुजायचंय त्यांनाही वाढू.

साक्षीदार तीन ठरले आहेत. मुलाचे वडील, माझी बहीण आणि मी. बहिणीला हे सांगायला भाची स्वतः घरी गेली. बराच वेळ ती काही बोलली नाही म्हणे. मग आत जाऊन आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन आली.

परवा रात्री साडेनऊला तिचा मला फोन. "अक्का, बूट कुठले घ्यायचे गं? आणि दशम्या तू करणार की मी?"

दशम्या मी करणार आहे. बूट आम्ही दोघी शनिवारी बघायला जातोय.