ही बॅग कुणाची?

परदेशात खरेदी केलेल्या कपड्यांवर कस्टम ड्यूटी भरावी की न भरावी, हा काय आपल्या अंकात लिहिण्याचा विषय आहे? मी यावर लिहिणार म्हटल्यावर आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने स्पष्टच विचारलं, "ज्या बायकांना महिन्याचं गोडं तेल परवडत नाही त्यांच्यात आपण काम करतो. बँकॉकला जाऊन खरेदी करणाऱ्यांची दुखणी आपण कशाला मांडायची?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी माझीच गोष्ट सांगायला हवी. ती सांगताना मला अजून लाज वाटते.

२०१९ साली नणंदेचं लग्न ठरलं. सासूबाई, थोरल्या जाऊबाई, नणंद आणि मी अशा चौघी लग्नाच्या खरेदीसाठी बँकॉकला गेलो. घरातल्या बायका पुरुषांशिवाय परदेशी निघाल्या, याचं मला कोण कौतुक वाटलं होतं! जाऊबाई घरच्या घरी कपडे विकतात. दुपारी दिवाणावर माल मांडायचा, ओळखीच्या बायका येतात, चहा होतो, विक्री होते. प्रातुनामच्या घाऊक बाजारात त्यांचा वेगळाच अवतार पाहिला. कापड चोळून बघत होत्या, शिवण उलटून बघत होत्या, कॅल्क्युलेटरवर आकडे टाकून घासाघीस करत होत्या. घरी तोंड न उघडणारी ही बाई किती हुशार व्यापारी आहे, हे मला तिथे कळलं.

परतीच्या आदल्या रात्री थोरल्या दिरांचा फोन आला. "चौघीजणी आहात. प्रत्येकीला पन्नास हजारांपर्यंत माफ असतं. माल चौघींत वाटून टाका. आणि लेबलं कापा." हॉटेलच्या खोलीत रात्री बारापर्यंत आम्ही नखं कापायच्या कात्रीने लेबलं कापत बसलो. बिलं फाडली. माझ्या बॅगेत जागा होती, म्हणून तीत सर्वांत जास्त माल आला. मला कुणी विचारलं नाही आणि मीही 'नको' म्हटलं नाही. लग्नघरात कशाला वाद, असं स्वतःला समजावलं.

विमानतळावर 'जाहीर करण्यासारखं काही नाही' अशा हिरव्या मार्गाने आम्ही निघालो. तिघी पुढे गेल्या, माझी बॅग बाजूला घेतली गेली. टेबलापलीकडच्या अधिकारी बाईंनी एकेक कपडा बाहेर काढला. एकाच नमुन्याचे चार-चार टॉप, सगळे मोठ्या मापाचे. मी अंगाने किरकोळ. त्यांनी शांतपणे विचारलं, "यातला तुमच्या मापाचा कोणता?" मी गप्प. मग विचारलं, "ही बॅग कुणाची?"

मी मागे वळून पाहिलं. सासूबाई ट्रॉलीचा दांडा घट्ट धरून उभ्या होत्या. नणंद मोबाईल बघत होती. जाऊबाईंचे डोळे जमिनीला खिळलेले. मी म्हटलं, "माझी."

मालाची किंमत ठरली, ड्यूटी ठरली, वर दंड. जबाबावर सही माझी, पैसे माझ्या पगाराच्या खात्यातून. त्या बाई कुठेही चुकल्या नाहीत. चुकले होते मी. घरी आल्यावर दीर म्हणाले, "तुम्ही घाबरलात म्हणून पकडलं गेलं. जरा हसत चालायचं." पुढे माल विकला गेला, नफा दिरांच्या वहीत जमा झाला. पावती तेवढी माझ्या नावाची, ती माझ्या कपाटात आहे.

मैत्रिणींनो, समुपदेशन केंद्रात रोज मी बायकांना सांगत होते, "न वाचता सही करू नका. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका." आणि स्वतः मात्र पायाने सही करून आले. हो, पायानेच! ड्यूटी लागू होणारं सामान घेऊन हिरव्या मार्गाने चालत जाणं, हेही न बोलता केलेलं निवेदनच असतं. १९६२च्या सीमाशुल्क कायद्याच्या ७७व्या कलमाप्रमाणे सामानात काय आहे हे जाहीर करण्याची जबाबदारी सामानाच्या मालकाची. कापड कुणी निवडलं, पैसे कुणी दिले, फोन कुणी केला, हे टेबलापलीकडून दिसत नाही. बॅग जिच्या नावाची, जबाबदारी तिची.

मग मी नियम वाचायला घेतले. आधीच वाचायला हवे होते. तेव्हा २०१६चे बॅगेज नियम लागू होते. थायलंडहून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या सामानावर माफी होती आणि वरच्या रकमेवर अधिभार धरून ३८.५ टक्के ड्यूटी. म्हणजे नणंदेने स्वतःसाठी ८४,००० रुपयांचे कपडे आणले असते, तर ३४,००० रुपयांवर १३,०९० रुपये भरून, पावती घेऊन ती ताठ मानेने बाहेर आली असती. शिवाय ही माफी प्रवाशाच्या खऱ्याखुऱ्या सामानासाठी असते, विक्रीच्या मालासाठी नाही. आणि दोन प्रवाशांची माफी एकत्र करता येत नाही, मग ते नवरा-बायको का असेनात.

हा शेवटचा नियम मी दोनदा वाचला. सातबाऱ्यावर, घराच्या कागदावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण वर्षानुवर्षं भांडतो आहोत. इथे मात्र कायदा न मागता म्हणतो, ही बाई स्वतंत्र प्रवासी आहे. तिचं सामान तिचं, माफी तिची, जबाबही तिचाच. आणि घर काय करतं? तिची ही स्वतंत्र जागा रिकामी पिशवी समजून भरून टाकतं. हक्काच्या कागदावर तिचं नाव नको असतं, जोखमीच्या कागदावर चालतं.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. हा फक्त हौशी खरेदीचा मामला असता तर मी लिहिलं नसतं. त्यानंतर काही महिन्यांनी केंद्रात एक बाई आली. नवऱ्याने टाकलेली, दोन मुलं. एका एजंटाने तिला सांगितलं होतं, "तिकीट आमचं, राहणं आमचं, येताना कपड्यांची एक बॅग आणायची. वर फिरणं फुकट." पासपोर्ट त्याच्याच ताब्यात. दोन खेपा तिने केल्या होत्या. तिसरीला बॅग बंद करून हातात आली आणि किल्ली दिली नाही, तेव्हा ती घाबरली. मी तिला विचारलं, "बॅगेत काय होतं?" ती म्हणाली, "कपडेच असतील की." माझ्या पोटात गोळा आला. कपड्यांच्या घडीत दुसरं काही निघालं असतं तर? १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं ३५वं कलम आरोपीला माहिती होती असंच गृहीत धरतं. माहीत नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर येतो. आमच्या हॉटेलच्या खोलीत आणि तिच्या बंद बॅगेत फरक मोठा आहे, पण सवय एकच आहे: दुसऱ्याने भरलेलं बाईने मुकाट्याने वाहायचं.

कुणी म्हणेल, मोठमोठे लोक कर बुडवतात, आपल्या चार कपड्यांनी सरकारचं काय बिघडतं? पण आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी दिवाळीला दुकानातून साडी घेतात, तिच्यावर ५ टक्के जीएसटी भरतात. त्यांना हिरवा मार्ग नाही, माफी नाही. आपण संरक्षण अधिकारी वाढवा, निवारागृहं काढा म्हणून मोर्चे नेतो. मग विमानतळावर आपल्या वाट्याचं भरताना आपल्याला मूर्खात निघाल्यासारखं का वाटावं?

जाऊबाईंवर मात्र माझा राग नाही. त्यांचं कसब खरं आहे, चोरवाट दुसऱ्याने दाखवलेली आहे. विक्रीसाठी माल आणायचा तर आयात-निर्यात कोड काढून, रीतसर ड्यूटी भरून आणता येतो. त्यासाठी पॅन आणि बँक खातं स्वतःच्या नावाचं लागतं, आणि तिथेच घरातले पुरुष अडतात. कारण मग नफाही तिच्याच नावावर दिसू लागेल! बचत गटांतून आपण पापड-लोणच्याचे हिशेब शिकवतो, तसं हेही शिकवायला काय हरकत आहे?

प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकीला मी आता एवढं सांगते. आपली बॅग आपण भरायची, किल्ली आणि पासपोर्ट आपल्याजवळ. बिलं जपायची. माफीचे आकडे बदलत असतात, निघण्यापूर्वी त्या वेळचे पाहून घ्यायचे. शंका असेल तर तांबड्या मार्गाने जायचं आणि विचारायचं. पावती घ्यायची, जबाब वाचल्याशिवाय सही करायची नाही. अंगझडतीची वेळ आलीच, तर कलम १०२ प्रमाणे बाईची झडती बाईनेच घ्यायची असते आणि राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याची मागणी करता येते.

गेल्या वर्षी घरात पुन्हा सहलीची टूम निघाली. मी म्हटलं, "येते, पण माझ्या बॅगेत फक्त माझं सामान असेल." सासूबाई म्हणाल्या, "एवढं काय आहे त्या बॅगेत?" मी काही बोलले नाही. जाऊबाई त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या. "आई, तिचं नाव आहे त्या बॅगेवर."

तुमच्या बॅगेत कुणाकुणाचं सामान आहे? एकदा उघडून पाहा, आणि जमलं तर आम्हाला लिहून कळवा.