हातभट्टी आणि घरची बिअर एकाच मापाने कशाला?

जून २०१५ मध्ये मुंबईत, मालाडच्या मालवणीत विषारी दारू पिऊन शंभरहून अधिक माणसे दगावली. अशा बातम्यांचा धसका इतका खोल बसला आहे की घरी बिअर करण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: डोळे तर जाणार नाहीत ना? प्रश्न रास्त आहे, पण बोट चुकीच्या भांड्याकडे आहे. डोळे जातात ते मिथेनॉलमुळे. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते दृष्टीच्या मज्जातंतूवर घाला घालते. मालवणीतले मिथेनॉल कारखान्यांत वापरले जाणारे होते, पैशाच्या लोभापायी दारू म्हणून विकलेले. जवाच्या साखरेवर यीस्ट काम करते तेव्हा तयार होते ते इथेनॉल. मिथेनॉल मुख्यतः फळांतल्या पेक्टिनमधून येते, जवाच्या बिअरमध्ये ते नगण्य असते, आणि ते एकवटायला रसायन भट्टीवर चढवून वाफ थंड करावी लागते. बिअरमध्ये ती पायरीच नाही. आंबवणे आणि भट्टी लावणे यांतल्या धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या कायद्याने तो ओळखावा आणि घरच्या वापरापुरती थोडी बिअर करायला मुभा द्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

घरी बिअर करणाऱ्यांना पडणारे खरे प्रश्न विषाचे नसतातच. ते स्वच्छतेचे, तापमानाचे आणि धीराचे असतात. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भरडून साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे. त्यातली विकरे स्टार्चची साखर करतात. पाणी फार कडक झाले तर विकरेच मरतात आणि हाती नुसती पेज उरते. मग ते गोड पाणी हॉप्स ही कडवट फुले घालून तासभर उकळायचे, लवकर थंड करायचे आणि यीस्ट सोडायचे. उकळीनंतर ज्या ज्या वस्तूचा त्याला स्पर्श होतो, ती बादली, नळी, पळी, झाकण, सगळे निर्जंतुक हवे. यात हयगय झाली तर बिअर आंबट होते, वास मारते आणि मोरीत ओतावी लागते. माणसाला आजारी पाडणारे जंतू मात्र हॉप्स, आम्लता आणि अल्कोहोल यांच्यापुढे सहसा तग धरत नाहीत. आपल्याकडची मोठी अडचण उन्हाळ्याची. एल प्रकारच्या बिअरच्या बहुतेक यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. नागपूरच्या मे महिन्यात बादली तशीच ठेवली तर बिअरला थिनरसारखा उग्र वास येतो. नॉर्वेतले क्वाइक यीस्ट ३५ अंशांच्या पुढेही खुशाल काम करते, त्यामुळे हा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही.

धोका अजिबात नाही, असे मात्र नाही. बुडबुडे थांबले की बिअर झाली, अशी नवशिक्याची समजूत असते आणि तो बाटल्या भरून मोकळा होतो. बुडबुडे हा भरवशाचा पुरावा नव्हे. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०५० वरून, समजा, १.०१० पर्यंत उतरला आणि पुढचे दोन-तीन दिवस तिथेच राहिला, तर साखर संपली असे धरायचे; अशा बिअरमध्ये सुमारे सव्वापाच टक्के अल्कोहोल असते. त्याआधी बूच लावले, किंवा फेसासाठी लिटरमागे पाच-सहा ग्रॅमऐवजी मूठभर साखर घातली, तर बाटली फुटते आणि काचा उडतात. हा धोका खरा आहे, पण त्यावर उपाय हायड्रोमीटर आणि वजनकाटा आहे, पोलीस ठाणे नव्हे.

इतर देशांनी हा गुंता कधीच सोडवला. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरगुती बिअरला परवाना लागे. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअर राहून गेली. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केल्यावर एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन प्रौढांच्या घराला त्याच्या दुप्पट बिअर करमुक्त करता येऊ लागली. विक्रीला आणि घरी भट्टी लावण्याला मनाई तशीच राहिली. घरी बिअर करता करता शिकलेल्या केन ग्रॉसमन यांनी पुढे कॅलिफोर्नियात सिएरा नेव्हाडा ही ब्रुअरी काढली. आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम आजही विनापरवाना मद्यनिर्मितीला सरसकट गुन्हा मानतो. पुण्यात २००९ पासून हॉटेलातल्या टाकीत ताजी बिअर तयार होते आणि ती परवान्याने विकता येते. तीच कृती स्वयंपाकघरात, विकण्यासाठी नव्हे तर स्वतःसाठी केली की गुन्हा!

आक्षेप येणारच, आणि त्यातला एक फार वजनदार आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये दारूबंदीचे धोरण सांगितले आहे आणि या राज्यात बायकांनी मतदान करून गावोगावची बाटली आडवी केली आहे. त्यांच्या लढ्याला ही पळवाट ठरू नये. म्हणून वर्धा, गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आणि ठरावाने दुकाने बंद झालेली गावे या मुभेतून सरळ वगळावीत. व्यसन वाढेल या भीतीत मला तेवढा दम वाटत नाही. ज्याला आज संध्याकाळी प्यायची आहे, तो बादलीपाशी तीन आठवडे बसत नाही. कोपऱ्यावरचे दुकान उघडेच असते. महसूल बुडेल म्हणावे, तर इतकी खटपट करणारे किती निघतील?

खरा अडचणीचा प्रश्न वेगळाच आहे. शहरातल्या इंजिनिअरची बिअर हा छंद आणि पाड्यावरची मोहाची दारू हा गुन्हा, असे कसे? इथे माझी आंबवण्याची आणि गाळण्याची रेघ थोडी डळमळते, कारण मोहाची दारू गाळलेली असते आणि तरीही मालवणीत माणसे मारली ती तिने नव्हे. छत्तीसगडमध्ये आदिवासींना घरच्या वापरापुरती अशी दारू करण्याची सूट आहे. महाराष्ट्राने घरच्या बिअरला मुभा देताना पाड्यावरच्या माणसाला मागे ठेवले, तर तो कायदा गच्चीवाल्यांचाच होईल. मोहाच्या मुभेचा मसुदा वेगळा लागेल, मिथेनॉलची तपासणी गावाजवळ करून मिळण्याची सोयही लागेल, पण दोन्ही मसुदे उत्पादन शुल्क खात्याच्या टेबलावर एकाच दिवशी यायला हवेत.