गाईला घास घालताना

मैत्रिणींनो, गेल्या श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडे सवाष्णी जेवायला होत्या. अंदाज चुकला आणि पातेलंभर भात नि दहा-पंधरा पुरणपोळ्या उरल्या. 'टाकण्यापेक्षा गाईच्या मुखी जाऊ दे' म्हणून मी सगळं मागच्या गल्लीतल्या दूधवाल्या मावशींच्या गाईपुढं ठेवलं. तिनं चाटूनपुसून फस्त केलं. मला वाटलं, केवढं पुण्य पदरात पडलं!

दुसऱ्या दिवशी दूध आलंच नाही. मावशी मात्र आल्या. "वहिनी, काल गाईला भात तुम्ही घातलात का हो? रात्रीपासून रवंथ नाही, पोट फुगलंय, उठतसुद्धा नाही." माझ्या पोटात गोळाच आला. जनावरांच्या डॉक्टरांनी वेळेवर उपचार केले म्हणून गाय वाचली. पण आठवडाभर दूध जेमतेम, आणि मावशींचं घर चालतं त्या दुधावर!

शाळेत मी मुलांना सांगते, 'गाय चारा खाते आणि दूध देते.' मधलं काय ते त्या दिवशी डॉक्टरांकडून कळलं. गाईच्या पोटाचे चार कप्पे. पहिला सर्वांत मोठा, त्याला कोटीपोट म्हणतात. त्यात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. आपल्याला न पचणारा कडबा, गवत ते आंबवतात. चारा-पेंडीतली बरीचशी प्रथिनं मोडून त्यांतून स्वतःची वाढ करतात. पुढं हे जंतूच चौथ्या कप्प्यात नि आतड्यात पचतात. गाईला मिळणाऱ्या प्रथिनांतला निम्म्याहून अधिक वाटा बहुधा त्यांचाच! पचलेली प्रथिनं रक्तावाटे कासेत जातात आणि तिथं दुधाची प्रथिनं नव्यानं घडतात. खाल्लेल्या प्रथिनांपैकी साधारण चौथा हिस्साच दुधात उतरतो. म्हणून नुसती पेंड वाढवून भागत नाही. जंतू पोसायला हिरवा-सुका चारा नि थोडा भरडा, सगळंच प्रमाणात लागतं.

एकदम ढीगभर भात-पोळी पोटात गेली, की कोटीपोटात आंबटपणा भलताच वाढतो. चारा पचवणारे जंतू मरतात, रवंथ थांबतं आणि दूध आटतं. कधी जनावर दगावतंही.

तेव्हा मैत्रिणींनो, गोग्रास घालायचा तर घासभरच घाला. बाकी द्यायचं असेल तर मटारची टरफलं, कोबीची वरची पानं, कोथिंबिरीच्या काड्या स्वच्छ धुऊन, तीही थोडीथोडी आणि मालकिणीला विचारून द्या. शिळं, आंबलेलं काही नको आणि प्लॅस्टिकची पिशवी तर मुळीच नको.

आणि हो, पनीर करताना दूध फाडल्यावर उरलेलं पाणी ओतून देऊ नका. दुधातली बहुतेक प्रथिनं पनीरमध्ये जातात, तरी थोडी त्या पाण्यात राहतात. कणीक त्यातच भिजवा, पोळ्या मऊ होतात.

त्या आठवड्याच्या दुधाचे पैसे मी मावशींना पुरे दिले. त्या नको नको म्हणत होत्या. यंदा मात्र श्रावणात भात मापूनच टाकणार आहे!