जर्नलमधल्या कमांड पुरे, आता स्वतःची करा!

जळगाव असो की धुळे, प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री होस्टेलवर एकच सीन असतो. 'एलएस म्हणजे लिस्ट, सीपी म्हणजे कॉपी' अशी घोकंपट्टी. दुसऱ्या दिवशी एक्स्टर्नल विचारतात, तुम्ही सांगता, मार्क मिळतात, विषय संपला. पण कमांड ही पाढ्यांसारखी पाठच करायची असते, हे ठरवलं कुणी?

युनिक्समधली बहुतेक कमांड म्हणजे डिस्कवरची एक फाइल. 'पाथ'मध्ये नोंदवलेल्या फोल्डरांत सिस्टीम ती शोधते आणि चालवते. तुमची फाइल तिथे ठेवली, की तीही कमांडच!

समजा, तुमच्याकडे केळीच्या भावांची फाइल आहे. प्रत्येक ओळीत तारीख, गाव आणि क्विंटलचा भाव. ग्रेपने रावेरच्या ओळी निवडा, सॉर्टने भावाप्रमाणे चढत्या क्रमाने लावा, टेलने शेवटची ओळ घ्या. तिघांना जोडायला पाइप आहेच, युनिक्समध्ये तो १९७३ पासून आहे. हे सगळं एका फाइलमध्ये लिहा, 'सीएचमॉड'ने तिला चालवायची परवानगी द्या आणि पाथमधल्या फोल्डरात ठेवा. नाव द्या 'भाव'. हो, देवनागरीतच! लिनक्सला ते चालतं. आता 'भाव' लिहून एंटर मारा, रावेरचा सर्वांत चढा भाव समोर हजर.

मात्र घरात नवीन आलेल्याने घरची रीत पाळायला हवी. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबंटू २५.१० ने जुन्या कमांडच्या जागी रस्ट भाषेत नव्याने लिहिलेल्या कमांड आणल्या. त्यातल्या 'डेट'ने एक जुना पर्याय नीट पाळला नाही. झालं! काही संगणकांवर अपडेट आपोआप तपासणंच बंद पडलं. चूक छोटी, पण त्या कमांडवर दुसरं कुणीतरी विसंबून होतं ना.

म्हणून तुम्हीही जपा. आधीपासून असलेलं नाव घेऊ नका. उत्तर आणि एररचा मेसेज वेगवेगळ्या वाटेने पाठवा. काम फत्ते झालं तर शून्य परत करा, म्हणजे पुढच्या कमांडला कळेल. आणि मदतीचं एक पान लिहाच.

सर-मॅडम, तुम्हालाही एक विनंती. प्रॅक्टिकलला एकच प्रश्न वाढवा: 'शेजारच्याला न विचारता वापरता येईल अशी एक नवी कमांड करून दाखवा.' पाठांतर तिथेच उघडं पडेल. आणि आपल्या खान्देशातली पोरं काय काय बनवू शकतात, तेही दिसेल.