मुदतीआधी बंद केलेले खाते

बँकेच्या सेवेत असताना माझी काही वर्षे दौंड शाखेत गेली. १९९५ च्या सुमारास रेल्वेत नोकरी करणारे एक खातेदार आवर्ती ठेव मुदतीपूर्वी मोडण्यासाठी आले. त्यांची मुलगी मुलांच्या बरोबरीने फुटबॉल खेळत असे. निवड चाचणीसाठी तिला बाहेरगावी न्यायचे होते, बूट घ्यायचे होते. ठेव तिच्याच लग्नासाठी होती. मी हितचिंतकाच्या अधिकाराने म्हणालो, "अहो, फुटबॉलमध्ये मुलीला भवितव्य ते काय? ठेव राहू द्या." अर्ज खिशात घालून ते परतले. ठेव मुदतीपर्यंत टिकली. मुलीचा खेळ मात्र सुटला, असे त्यांनीच पुढे एकदा सांगितले.

अलीकडे ओइनाम बेंबेम देवी यांच्या कारकिर्दीविषयी वाचताना हा प्रसंग पुन्हा समोर उभा राहिला. मणिपूरमधील इंफाळच्या या मुलीने त्याच १९९५ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, मलेशियातील आशियाई स्पर्धेत भारताकडून पहिला सामना खेळला. पुढे त्या भारताच्या कर्णधार झाल्या. २०१०, २०१२ आणि २०१४ या तिन्ही दक्षिण आशियाई अजिंक्यपद स्पर्धा जिंकणाऱ्या संघांत त्या होत्या. २०१४ मध्येच त्या मालदीवच्या क्लबकडूनही खेळल्या. २०१६ मध्ये शिलाँग येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवून त्यांनी राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला.

एकवीस वर्षांच्या या खात्याची जमेची बाजू मी सवयीने तपासू लागलो. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली ती २०१६-१७ च्या हंगामात, म्हणजे त्या राष्ट्रीय संघातून निवृत्त झाल्यावर. चरितार्थाला आधार होता तो मणिपूर पोलिसांतील नोकरीचा. शांती मलिक यांना १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यानंतर तो दुसऱ्या महिला फुटबॉलपटूला, बेंबेम देवींना, मिळाला २०१७ मध्ये. मधली चौतीस वर्षे कोरी! वास्तविक १९८० आणि १९८३ या दोन्ही वर्षी आपल्या मुली आशियाई स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या होत्या. २०२० मध्ये बेंबेम देवींना पद्मश्री लाभली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू.

म्हणजे भवितव्याविषयीची माझी शंका आकडेमोडीत चुकीची नव्हती. चूक निराळी होती. त्या वडिलांनी मला भवितव्य विचारलेच नव्हते. त्यांनी स्वतःच्याच पैशांतून थोडी रक्कम मागितली होती. शिवाय मुलींच्या खेळाला भवितव्य नव्हते, याचे एक कारण माझ्यासारखे सल्लागारही होते. खाते चालूच राहू दिले नाही, तर त्यावर व्याज कोठून जमा होणार?

आज परिस्थिती पालटली आहे. २०२२ च्या महिला आशियाई चषकाचे सामने आपल्या बालेवाडीत झाले. महाराष्ट्रात पात्र खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. तरीही नववी आली की प्रथम मैदान सुटते, आणि तेही बहुधा मुलीचेच.

गेल्या महिन्यात शिरूरमध्ये आमच्या शेजारच्या सूनबाई विचारावयास आल्या, "काका, आता क्लास लावायचा आहे. हिचा फुटबॉल बंद करावा का?" मी म्हणालो, "क्लास अवश्य लावा; पण संध्याकाळचा एक तास तिचा तिला राहू द्या. तिच्या नावे एक लहानशी वेगळी आवर्ती ठेव उघडा, केवळ बूट आणि प्रवासासाठी. ती मोडायची वेळ आली, तर कुणा बँकवाल्याचा सल्ला घेऊ नका."

सूनबाई हसल्या. मला मात्र दौंडच्या काउंटरसमोर उभे असलेले ते गृहस्थ आठवत होते. त्यांना हे सांगावयास मला तीस वर्षे उशीर झाला.