खिसा रिकामा, रविवार फुल्ल!

महिन्याची तेवीस तारीख. फ्रीलान्सरच्या आयुष्यात हे दिवस म्हणजे निव्वळ थ्रिलर. दोन चेक ‘प्रोसेसमध्ये’ असतात (म्हणजे नक्की कुठे, ते देवालाच ठाऊक!) आणि नेमका तेव्हाच ग्रुपवर मेसेज येतो, ‘‘संडे प्लॅन?’’ प्लॅन म्हणजे मल्टिप्लेक्स, मग कॉफी, मग डिनर. दीड हजाराला चाट! सलग तिसऱ्यांदा मी लिहिलं, ‘‘डोकं दुखतंय यार.’’

डोकं ठणठणीत होतं. पैसे नाहीत म्हणायची लाज वाटत होती, बस्स. पण घरी बसून पंख्याकडे किती वेळ बघणार? लोकलचा पास होताच. सीएसएमटीला उतरले आणि चालत काळा घोडा गाठलं.

जहांगीर आर्ट गॅलरीत शिरायला रुपयाही लागत नाही, हे मला कॉलेजपासून माहीत आहे. तरी दरवेळी वाटतं, आत कुणीतरी अडवेल, ‘मॅडम, घेणार आहात का?’ १९५२ साली सुरू झालेल्या या गॅलरीत मला आजवर कुणीही हटकलेलं नाही. इथली तारीख मिळायला चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात. मग मिळालेला तो जेमतेम आठवडा बरेचजण स्वतःच खुर्ची टाकून बसतात. अशाच एका काकांना मी बिचकत विचारलं, ‘‘हा निळा असा थरथरल्यासारखा का दिसतो?’’ आणि घाईघाईने पुढे जोडलं, ‘‘मला विकत घेणं नाही परवडणार हं!’’

काका हसले. ‘‘अगं, सकाळपासून प्रश्न विचारणारी तू पहिलीच!’’ मग अर्धा तास शिकवणी. निळ्याखाली आधी केशरी लावलाय, तो फटींमधून डोकावतो. त्यानंतर मला सगळीकडे केशरीच दिसायला लागला!

रस्त्यापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे आपलं एनजीएमए. १९११च्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ साली ते सुरू झालं. तिकीट वीस रुपये, सोमवारी बंद. गोल जिन्याने मजल्यामागून मजले चढत घुमटापर्यंत जायचं. बाहेर येऊन वडापाव वीस, कटिंग पंधरा. दिवसाचा एकूण खर्च रुपये पंचावन्न फक्त!

परतताना ट्रेनमध्ये हिशेब मांडला. महाग कला नसते हो, महाग असतं ते तिच्या आगेमागे आपण चिकटवलेलं. कॅब, कॉफी, डिनर आणि ‘लोक काय म्हणतील’. कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्यांची काचेची दारंही ढकलली की उघडतात, आत फुकट फिरता येतं. एनसीपीएचे काही कार्यक्रम विनामूल्य असतात, फक्त लवकर जाऊन रांग लावायची. १९९९ला सुरू झालेला काळा घोडा फेस्टिव्हल तर आख्खा रस्ताच आपल्या नावावर करून देतो.

रात्री ग्रुपवर खरं लिहून टाकलं. ‘‘डोकं नाही, पाकीट दुखत होतं.’’ दोन मिनिटं शांतता. मग आयटीवाली, लठ्ठ पगारवाली मैत्रीण टाइपते, ‘‘थँक गॉड! ईएमआय गेला की मीही कंगाल. पुढच्या रविवारी मला घेऊन चल.’’

आम्ही चौघी जाणार आहोत. वडापाव माझ्याकडून. (चेक आला तर कटिंगसुद्धा!)